बरणीतली साखर आणि पेशीवरची साखर



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार असतो. "घरात कॅन्सरचा पेशंट आहे. साखर बंद करावी का?" कुणाला जेठानीने सांगितलेले असते की गोड खाल्ले की गाठ वाढते. कुणी मोबाईलवर आलेला व्हिडिओ पाहून अब्बांचा चहा बिनसाखरेचा करतात. मग खजूर बंद होतो, पुढे केळी, त्यानंतर भात. शेवटी केमोथेरपीने आधीच थकलेला माणूस निव्वळ उपासमारीने खंगतो, आणि घरच्यांना वाटते की आपण त्याची काळजी घेतो आहोत.

आमची वारूळवाडी नारायणगावाला लागून, जुन्नर तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात आहे. निवृत्तीनगरचा विघ्नहर साखर कारखाना सुरू झाला की रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग लागते. साखर हा आमच्या शेतीचा, मजुरीचा आणि दस्तरखानाचाही भाग आहे. त्यामुळे 'साखरेने कॅन्सर वाढतो' हे वाक्य आमच्याकडे फार लवकर पसरते आणि फार खोल जाऊन बसते.

म्हणून या महिन्यात साखर आणि कॅन्सर यांचा खरा संबंध काय, ते पाहू. संबंध आहे, पण लोक समजतात तिथे नाही. बरणीतली साखर वेगळी आणि पेशीच्या अंगावरची साखर वेगळी. कॅन्सर शरीरभर पसरवण्यात जिचा हात आहे, ती दुसरी साखर. तिची गोष्ट समजली की घरात नेमके काय करायचे, तेही समजते.

आधी बरणीतली साखर

हा गैरसमज अगदीच हवेतून आलेला नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की गाठीतल्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात. आजची पेट स्कॅन तपासणी याच गुणावर चालते. रुग्णाला ग्लुकोजसारखे, किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात. जिथे ते जास्त शोषले जाते ती जागा चित्रात उजळ दिसते. त्या तपासणीआधी काही तास उपाशी राहायला सांगतात आणि रक्तातली साखरही मोजतात. नातेवाईक हे पाहतात आणि घरी येऊन साखरेची बरणी लपवतात.

पण ग्लुकोज शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागते. मेंदूला लागते, हृदयाला लागते, आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही लागते. तुम्ही चहातली साखर काढली तरी ज्वारीच्या भाकरीतून, भातातून, बटाट्यातून शरीर ग्लुकोज बनवतेच. तेही बंद केले तर शरीर स्वतःचे स्नायू झिजवून ग्लुकोज तयार करते. गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र राहतो.

याचा अर्थ हवी तेवढी मिठाई खावी, असा नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच. जास्त गोड आणि तळलेले खाऊन वजन वाढते आणि लठ्ठपणाने काही कॅन्सरचा धोका वाढतो, हेही खरे आहे. पण उपचार चालू असलेल्या, तोंडाची चव गेलेल्या माणसाला दोन घास खीर गोड लागत असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर ती खीर त्याच्या पुढ्यातून उचलू नका. त्याला ताकद हवी आहे. डाळ, अंडी, दूध, मासे यांतली प्रथिने आणि पोटभर अन्न मिळाले तर तो उपचार सोसू शकतो.

आता पेशीवरची साखर

शाळेच्या पुस्तकातले पेशीचे चित्र आठवा. बाहेरून एक गोल रेघ असते, तिला पेशीपटल म्हणतात. चित्रात ती रेघ गुळगुळीत दिसते. खऱ्या पेशीवर मात्र कणसाच्या तुऱ्यासारखे बारीक धागे उभे असतात. हे धागे म्हणजे शर्करेच्या साखळ्या. गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सियालिक आम्ल असे लहान लहान रेणू एकाला एक जोडून त्या बनतात आणि पटलावरच्या प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना चिकटून बाहेर डोकावतात.

या साखळ्या आपण खाल्लेली साखर आपोआप चिकटून तयार होत नाहीत. पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिकेत आणि गॉल्गी संकुलात, विकरे त्या एकेक कडी जोडून घडवतात. मधुमेहाच्या रुग्णांना 'तीन महिन्यांची साखर' म्हणजे एचबीए१सी ही तपासणी माहीत असते. तिथे रक्तातले ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते आणि ते किती चिकटले ते मोजतात. पेशीवरच्या साखळ्यांचा प्रकार निराळा आहे. तिथे कुठली कडी कुठे लावायची हे पेशी ठरवते, आणि चहात किती चमचे घातले यावर ते ठरत नाही.

या साखळ्यांचे काम काय? मी भाषा शिकवते, म्हणून भाषेचेच उदाहरण देते. उर्दूत 'रहमत' लिहिताना पहिल्या अक्षरावर चुकून एक नुक्ता पडला की ते 'जहमत' होते. कृपेची जागा त्रास घेतो. मराठीत 'वश' वर अनुस्वार दिला की 'वंश' होतो. पेशींच्या जगात हे काम एकेक शर्करा करते. शेजारची पेशी या साखळ्या वाचते आणि समोरची आपली की परकी, तिला धरायचे की सोडायचे, हे ठरवते.

याचे घरगुती उदाहरण म्हणजे रक्तगट. ओ गटाच्या तांबड्या पेशीवर एक मूळ साखळी असते. तिच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडली की गट ए होतो, दुसरी जोडली की बी, आणि दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या की एबी. एवढ्याशा फरकावर चुकीचे रक्त माणसाचा जीव घेऊ शकते. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसे सापडली, ज्यांच्या पेशींवर ती मूळ साखळीही पूर्ण झालेली नव्हती. त्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. हा गट आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. एक कडी कमी पडली तर केवढा फरक पडतो, हे त्यावरून कळते.

कॅन्सरची पेशी अंगरखा बदलते

कॅन्सरला उर्दूत 'सरतान' म्हणतात, मराठीत 'कर्करोग'. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडा. जुन्या हकिमांना आणि वैद्यांना गाठीतून चहूकडे जाणाऱ्या नांग्या दिसल्या. आज आपल्याला माहीत आहे की कॅन्सरने होणारे बहुतांश मृत्यू पहिल्या गाठीमुळे होत नाहीत. ती गाठ सोडून पेशी फुप्फुसात, यकृतात, हाडांत किंवा मेंदूत जाऊन वसतात, त्यामुळे होतात. या पसरण्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पेशीवरच्या शर्करेचा हात असतो.

पहिला टप्पा म्हणजे घर सोडणे. निरोगी पेशी शेजारणीचा हात घट्ट धरून असतात. कॅन्सर होताना विकरांचे काम बिघडते आणि साखळ्यांना नको तिथे जादा फांद्या फुटतात. कॅनडातल्या टोरांटो इथले जेम्स डेनिस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले की या जादा फांद्यांचा पेशींच्या पसरण्याशी थेट संबंध आहे. पुढे ज्या उंदरांत ही फांदी जोडणारे विकरच नव्हते, त्यांच्यात गाठींची वाढ आणि प्रसार दोन्ही कमी झाले. फांद्या वाढल्या की शेजारणीच्या हातावरची पकड सैल होते आणि पेशी मोकळी सुटते.

दुसरा टप्पा म्हणजे रक्तातला प्रवास. तिथे सुटलेल्या बहुतेक पेशी मरून जातात. रक्ताचा धक्का त्यांना सोसत नाही आणि शरीराचे पहारेकरीही त्यांना गाठतात. पण काही पेशी अंगावर सियालिक आम्लाचा जाड थर चढवतात. हे आम्ल आपल्या निरोगी पेशींवरही असते, त्यामुळे पहारेकरी पेशींना ती घरचीच वाटते. हा एक प्रकारचा वेशांतराचा अंगरखाच आहे.

तिसरा टप्पा म्हणजे उतरण्याची जागा. जखम पिकली की पांढऱ्या पेशी रक्तातून बरोबर तिथे कशा पोचतात? रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर सिलेक्टिन नावाची प्रथिने असतात. ती पांढऱ्या पेशीवरची विशिष्ट शर्करासाखळी पकडतात, तिचा वेग कमी करतात आणि ती पेशी भिंतीतून पलीकडे जाते. कॅन्सरच्या काही पेशी हीच साखळी अंगावर घेतात. पांढऱ्या पेशींसाठी ठेवलेल्या दारातून त्या आत शिरतात.

मुंबईजवळचे संशोधन

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे पसरत नाही, काही अवयवच निवडतो, असे त्यांना दिसले. त्यांनी बी आणि माती यांचे उदाहरण दिले. बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच मातीत रुजते. द्राक्षे आणि टोमॅटो लावणाऱ्या आमच्या गावाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या मातीत नेमके असते तरी काय, याचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रात शोधले गेले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याचे संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, नवी मुंबईत खारघरला आहे. तिथे डॉ. राजीव कलरैया आणि त्यांच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी घेऊन उंदरांवर प्रयोग केले. हा कॅन्सर फुप्फुसातच का उतरतो, हा त्यांचा प्रश्न होता. २००५ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत उत्तर असे आले: फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला गॅलेक्टिन-३ नावाचे प्रथिन भरपूर असते. मेलानोमाच्या पसरणाऱ्या पेशींवर गॅलॅक्टोज असलेल्या लांबच लांब साखळ्या असतात. गॅलेक्टिन या साखळ्या ओळखून धरते. म्हणजे साखळी हा बीचा काटा आणि गॅलेक्टिन ही मातीची पकड. ही पकड अडवली तर फुप्फुसात रुजणाऱ्या पेशी कमी होतात, असे उंदरांत दिसले.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. त्यातून दुकानात मिळणारे औषध तयार झालेले नाही. म्हणून 'पेशीवरची साखर धुऊन काढणारी पावडर' किंवा 'कॅन्सरची साखर तोडणारा काढा' असे कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. मात्र ही वाट खरी आहे. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरच्या पेशींवर जीडी२ नावाचा शर्करायुक्त स्निग्ध पदार्थ असतो. तो ओळखून पेशीवर हल्ला करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. जो अंगरखा पेशीला लपवत होता, त्याच्याच खुणेवरून तिला गाठता येते.

लॅबच्या कागदावरचे नाव

पेशीवरची ही साखर तुमच्या घरातल्या फाइलमध्येही असू शकते. स्वादुपिंडाच्या किंवा पित्तमार्गाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रिपोर्टवर 'सीए १९-९' लिहिलेले असते. ही एक शर्करासाखळीच आहे, सिलेक्टिनला चिकटणाऱ्या जातीतली. पेशींवरून सुटून ती रक्तात येते आणि तपासणीत मोजली जाते.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. कावीळ, पित्ताचे खडे किंवा स्वादुपिंडाला सूज असली तरी तो वाढतो, म्हणून वाढलेला आकडा म्हणजे कॅन्सरच, असे नाही. उलट काही माणसांच्या शरीरात ही साखळी जन्मतःच बनत नाही, त्यामुळे कॅन्सर असूनही त्यांचा आकडा कमी राहतो. तब्येत चांगली असताना स्वतःहून ही तपासणी करून घेण्यात फायदा नाही. उपचार लागू पडतो आहे का, हे पाहायला डॉक्टर तिचा उपयोग करतात. आकड्याचा अर्थ त्यांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.

मग घरात काय करायचे?

पेशीवरच्या साखळ्या आपल्या हातात नाहीत. पेशीने घर सोडण्याआधी गाठ शोधणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. म्हणून साखरेची बरणी मोजण्यापेक्षा दिवस मोजा.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनतपासणी केली. मोठे यंत्र वापरले नाही. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासात सिरक्यातले आम्ल सौम्य करून गर्भाशयमुखाची तपासणी केली, तेव्हा त्या कॅन्सरचे मृत्यूही ३१ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्या साध्या उपायाने एवढा फरक पडला, तो केवळ वेळेमुळे.

आपल्या घरांत वेळ कुठे जातो, तेही स्पष्ट बोलू. पहिला वेळ लाजेत जातो. छातीतली गाठ अम्मी सुनेलाही सांगत नाही. पुरुष डॉक्टरांना दाखवायला संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागा, सोबत मुलीला किंवा बहिणीला न्या. पण दाखवा. दुसरा वेळ 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीत जातो. पेशी कशा पसरतात, ते वर पाहिलेच. त्यामागे त्यांची स्वतःची तयारी असते. तपासणीच्या सुईने रोग पसरणे फार क्वचित घडते, आणि तुकडा तपासल्याशिवाय योग्य उपचार ठरतच नाही. तिसरा वेळ 'आधी गोड बंद करून बघू, काढा घेऊन बघू' यात जातो. ते सहा महिने पेशींच्या फायद्याचे असतात.

आणखी एका डबीबद्दल बोलायला हवे. उर्दूत मिश्री म्हणजे खडीसाखर. आमच्या गावाकडे मात्र मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने कित्येक दादी-नानी ती हिरड्यांना लावतात. चुलीजवळच्या कोनाड्यातली ही मिश्री तोंडाच्या कॅन्सरचे थेट कारण आहे. घरातली एखादी गोष्ट फेकायचीच असेल तर ती साखरेची बरणी नसावी, ही डबी असावी. गुटखा आणि खैनीची पुडीही तिच्याबरोबर जाऊ द्या.

पुढच्या खुणा दिसल्या तर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका:

तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे.
स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडी आत ओढली जाणे.
मासिक पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव, किंवा संबंधानंतर रक्त जाणे.
गिळताना अडकणे, आवाज बसलेलाच राहणे, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणे.

यांतली प्रत्येक खूण म्हणजे कॅन्सर नसतो, बहुतेक वेळा साधेच कारण निघते. पण ते कारण डॉक्टरांनी शोधू द्या. तिशीपुढच्या सर्वांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी करण्याचा कार्यक्रम आहे. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या कुठे आणि कधी जायचे ते सांगतील. उपचाराच्या खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे अनेक उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

ज्या भगिनींनी साखरेबद्दल विचारले, त्यांना माझे उत्तर असे: सासूबाईंना उद्या सकाळी चहात नेहमीची साखर घाला, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. सोबत एक उकडलेले अंडे द्या. आणि पुढच्या केमोची तारीख चुकवू नका. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.